लंगोट, नग चोवीस

२ मार्च, सकाळी ९

ही वही लिहायची वेळ माझ्यावर सूनबाईने आणली. काल जेवताना मी सहज बोलले की माझा मुलगा अकराव्या महिन्यात लंगोटातून सुटला होता. तेव्हा हे कागदी डायपर नव्हते आणि मुलं कोरडी होती. सूनबाईने घास खाली ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "आई, हे तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का?" समोर मोबाइलवर तिची आई होती, म्हणजे माझ्या विहीणबाई. त्या खो खो हसल्या. मुलगाही हसला, पण त्याने ते खोकल्यात लपवलं.

लिहून ठेवलेलं नाही. चूक माझी. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लिनन विभागाची प्रमुख होते. चादर, अभ्रा, एप्रन, जे काही असेल ते माझ्या रजिस्टरमधून आत यायचं आणि रजिस्टरमधूनच बाहेर जायचं. नोंद नाही तर वस्तू नाही, हे मी आयांच्या तीन पिढ्यांना शिकवलं. माघारी मला इस्त्रीबाई म्हणत. प्रेमाने.

तेव्हा नोंद.

बाळ एक, मुलगी, पाच महिने. सूनबाईची रजा ३१ तारखेला संपते. रजेतही ती रोज चार तास खोलीचं दार लावून घरूनच काम करते. पुढे दिवसभर बाळाला कोण बघणार, हा प्रश्न. पाळणाघर, विहीणबाई किंवा मी. मुलाने तोडगा काढला. हा महिनाभर दिवसा कापडी लंगोट, सगळं माझ्या हातात. जमलं तर मी इथेच राहायचं, कायमची. नाही जमलं तर विहीणबाईंना बोलवायचं. रात्री मात्र सूनबाई तिचा कागदी डायपर लावणार. लावू दे. रात्री मी झोपलेली असते.

मला इथे राहायची गरज नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते. माझं स्वतःचं घर आहे. तिथला फ्रीज भाच्याला दिला, कुंड्या शेजारणीला दिल्या, पलंग रखवालदाराला दिला, ते निव्वळ अडगळ नको म्हणून.

३ मार्च

लंगोट तयार. सूनबाई म्हणत होती की बटणांचे, आत घडी घालायचे कापडी डायपर तयार मिळतात, तिने निवडूनही ठेवलेत. मी सांगितलं, कापडाला बटणं लागली की ते कापड राहत नाही, पर्स होते. मुलाला ऑर्डर रद्द करायला लावली.

निवृत्तीच्या वेळी हॉस्पिटलातून दोन चादरी आणल्या होत्या. बाद झालेल्या. चादर शंभर धुण्यांनंतर बाद होते आणि नेमकी तेव्हाच ती लोण्यासारखी मऊ असते. दोन चादरींत चोवीस लंगोट बसले. काहींच्या कोपऱ्यात निळा 'बाद' शिक्का आला आहे. दिसायला वाईट नाही. शिस्त दिसते.

जेवताना सूनबाईला एक जुनी गोष्ट सांगितली. एक आया रोज चादर बदलल्याचं सांगून न वापरलेल्याच चादरी धुवायला पाठवायची. मी तिला खळीवरून पकडलं. खळ घातलेलं कापड एकदा वापरलं, ओलं झालं, की खळ मोडते. घडीची रेघ जशीच्या तशी असेल तर ते कापड कुणाच्या अंगाला लागलेलंच नाही. माणूस खोटं बोलतो, खळ बोलत नाही. आयेला त्याच दिवशी घरी पाठवलं. दोन लेकरं होती तिला. नियम तो नियम. सूनबाई लक्ष देऊन ऐकत होती. शिकेल.

चोवीसही लंगोटांना घट्ट खळ घातली आणि इस्त्री केली. खळीशिवाय कापड म्हणजे पोतेरं.

४ मार्च

सकाळी ७. पहिला लंगोट. घड्या सुरेख. बाळाने अंग चोरलं. गार लागलं असेल.

७.१०. ओला.

७.२५. दुसरा. ओला. माझ्या मांडीसह.

८. मुलगा ऑफिसच्या शर्टात बाळाला घ्यायला आला. थांब म्हणाले होते. शर्ट बदलून गेला.

दुपारी १२. अकरा झाले. गालिच्यावर डाग आहे असं सूनबाई म्हणते. गालिचा मुळातच त्या रंगाचा आहे.

संध्याकाळी ६. चोवीसपैकी चोवीस दोरीवर, ओले. बाळाला उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं. अभ्रा म्हणजेही कापडच. पहिला दिवस यशस्वी.

५ मार्च

बाळाच्या मांड्यांवर लाली. रक्त खेळतं आहे.

कामाच्या बाई लंगोट धुताना म्हणाल्या, "आजी, ओल्या खळीचा डिंक होतो. लेकराला चिकटतंय ते." त्यांना आठ महिन्यांचा मुलगा आहे, तेवढ्यावर सल्ले देतात. मी त्यांना भांड्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं. मी बी.एस्सी. आहे.

उद्यापासून खळ किंचित पातळ करीन. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

७ मार्च

आभाळ भरलेलं, लंगोट वाळत नाहीत. बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या. मुलाची घरून मीटिंग होती. त्याच्या मागे शिक्क्यांचे लंगोट ओळीने दिसत होते. साहेबांनी विचारलं म्हणे, की तू हॉस्पिटलात दाखल आहेस का, आम्हाला कळवलं नाहीस. मुलगा रागावला. मी म्हटलं, सहानुभूती फुकट मिळते आहे, घे.

आज बाळ ओरडून रडलं. सूनबाई काम सोडून दोनदा बाहेर आली. मुलगाही लहानपणी असाच रडायचा, आणि म्हणूनच अकराव्या महिन्यात सुटला. आरामात कुणी काही शिकत नाही.

९ मार्च

लसीसाठी डॉक्टरकडे. निघताना सूनबाईने हट्टाने कागदी डायपर लावला. प्रवासापुरता, म्हणाली. जाणं, येणं, रांग धरून चार तास. घरी येऊन पाहिलं तर बाळ कोरडं ठणठणीत. हे अनैसर्गिक आहे.

डॉक्टर फार तरुण. लाली बघून विचारलं, लंगोट कशात धुता. खळीत, असं सांगितलं. त्याला वाटलं नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. मग बाळाला पालथं केल्यावर त्याला उजवीकडे पुसट निळी अक्षरं दिसली. उलटी होती, त्याला मान वाकडी करून वाचावी लागली. 'बाद.' शिक्क्याची शाई उतरली होती. पूर्वी ती इतकी कच्ची नसायची.

"आजी," तो म्हणाला, "हे मूल आहे. चादर नाही."

मलम दिलं. खळ बंद करायला सांगितलं. मुलगा म्हणाला की महिन्याचं कशाला, आताच थांबवू या, विहीणबाई यायला तयार आहेत. मी म्हटलं, महिना म्हणजे एकतीस दिवस. नऊ नव्हे.

लंगोटाच्या बाहेरच्या बाजूला खळ चालते. बाहेरची बाजू अंगाला लागत नाही. खळ लंगोटात बाहेरून आत जाते, हे मला माहीत आहे, पण तो प्रश्न वेगळा.

११ मार्च, संध्याकाळी

संक्रमणकाळ नावाची एक गोष्ट असते. कुठल्याही संस्थेत जुनी पद्धत एका दिवसात बंद होत नाही.

सूनबाई खोलीत गेल्यावर कपाटावरच्या पॅकेटमधून एक कागदी डायपर काढला. बाळाला लावला. त्यावर लंगोट बांधला. बाहेरून पाहिलं तर कापड. कापड बाहेर असलं की ते कापडच. आत काय आहे ही ज्याची त्याची खासगी बाब.

तीन तास कोरडं. बाळ हसलं. लंगोटाला हसलं.

फ्रिजवर तक्ता लावला आहे. कोरड्या तासाला हिरवी खूण. आज नऊ हिरव्या.

१४ मार्च

दिवसाला तीन पुरतात. वापरलेले वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालते आणि संध्याकाळी फिरायला जाते. कोपऱ्यावर कचरापेटी आहे. मुलगा म्हणाला, आई, तुझी तब्येत किती सुधारली, रोज फिरतेस.

लाली गेली. खळीचाच परिणाम, उशिरा दिसला.

लंगोट संध्याकाळी नेमाने बादलीत टाकते. बाई सकाळी धुतात, मी दुपारी खळ घालून इस्त्री करते. पद्धत म्हणजे पद्धत. कामाच्या बाईंचं हल्ली तोंड बंद आहे. बादलीतून एकेक लंगोट काढतात, हातात धरून बघतात आणि धुतात. काम सुधारलं आहे.

१७ मार्च

विजय.

मुलाने तक्त्याचा फोटो काढून विहीणबाईंना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. तोंडात बोट घातलेलं चित्र मिळालं नसेल.

पाळणाघराला नाही कळवलं. विहीणबाईंचं तिकीट रद्द. मुलगा म्हणाला, "आई, तू कमाल केलीस. आता कुठे जायचं नाही." सूनबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. म्हणाली, "माझं चुकलं, आई. मला वाटलं नव्हतं जमेल असं." मी म्हटलं, नोंद ठेवली की वाटण्याचा प्रश्न येत नाही. तिचे डोळे भरले होते. मी तिला कांदा चिरायला दिला.

घरमालकाला पत्र लिहीन म्हणते, की घर सोडते. म्हणजे ते माझं स्वतःचं नाही, भाड्याचं आहे, पण चोवीस वर्षं राहिलं की स्वतःचंच.

१९ मार्च, संध्याकाळी

कटकट. सूनबाईने कपाटावरचं पॅकेट मोजलं. नवं फोडलं तेव्हा बहात्तर होते. रोज रात्री एक, असे सतरा. डॉक्टरकडे जाताना एक. उरायला हवेत चोपन्न. आहेत सत्तावीस. तिने मोबाइलमध्ये सगळं लिहून ठेवलं आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात दोन रजिस्टरं असली की गोंधळ होणारच.

मला विचारलं. मी म्हटलं, मी जे वापरत नाही ते मोजत नाही.

एवढ्यावरच थांबणार होते. ती उगाच विचार करत उभी राहिली, म्हणून माझ्या तोंडून इतकंच गेलं की कामाच्या बाईंच्या घरीही लहान मूल आहे. हा आरोप नाही. माहिती आहे. मूल आहेच.

२० मार्च

कामाच्या बाई गेल्या.

चोरी हा शब्द कुणी काढला नाही. सूनबाईने फक्त म्हटलं की नेले असतील तर सांगा, ताई, मी रागावणार नाही, लागतातच मुलांना. बाई म्हणाल्या, माझं पोर माझ्या जुन्या कपड्यांच्या चिंध्यांत वाढतंय, त्याला तुमचं कागद कशाला. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी घड्या घालत होते. घडी अर्धवट सोडता येत नाही.

सूनबाई खोलीत गेल्यावर दाराशी चपला घालताना हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, मी रोज कोरडे लंगोट धुतले. बोलले नाही. म्हातारं माणूस आहे म्हटलं."

जसं बोलल्या तसं लिहिलं आहे. अर्थ लागत नाही. धुतल्यावर सगळेच लंगोट ओले असतात.

त्यांचं घर या एका कामावर चालतं असं नाही. दुसरीकडेही त्या भांडी घासतात. मी चौकशी केली नाही, पण घासत असतील. एकंदरीत सुंठीवाचून खोकला गेला.

२१ मार्च

खोकला गेला, पण सुंठही गेली. उरलेलं पॅकेट सूनबाईने स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली फिरवली. लंगोटही आता तीच धुणार आहे.

आज निखळ कापड. दुपारी बारापर्यंत अकरा ओले. तक्त्यावर एकही हिरवी खूण नाही. बाळाला सर्दी असेल, असं मी सांगितलं. मुलगा म्हणाला, काल तर सगळं छान होतं, बाई गेल्यावरच कसं बिघडलं? त्याचा स्वभाव लहानपणापासून खोदून विचारायचा आहे.

संध्याकाळी खाली मेडिकलमध्ये गेले. मेडिकलवाला सगळ्या इमारतीला ओळखतो. सूनबाई तिथेच औषधं घेते. डायपर मागितले. कुणासाठी, त्याने विचारलं. दुकानात चार गिऱ्हाइकं. बाळासाठी म्हटलं असतं तर उद्या सूनबाईला कळलं असतं.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. एक क्षणही न अडखळता.

त्याने आवाज खाली आणला. साइज विचारली. मध्यम, म्हटलं. दहाचं पॅकेट वर्तमानपत्रात बांधून दिलं आणि म्हणाला की लाजायचं काही नाही आजी, माझी आईपण वापरते. एवढा अदबशीर माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

२३ मार्च

मोठ्यांचा डायपर मधोमध कापला की बाळाचे दोन होतात. बचत. कात्रीने कापताना आतून बारीक काचेच्या मण्यांसारखं काहीतरी सांडतं आणि ओलं झालं की फुगून लिबलिबीत होतं. कडेला पिना लावल्या. वर लंगोट. बाळ पाठीला उशी बांधल्यासारखं दिसतं, पाय खाली येत नाहीत. व्यायाम होतो.

तक्ता पुन्हा हिरवा.

दुपारी सूनबाईने बाळाला उचललं तर तिच्या बोटांना ते मणी लागले. बोटं डोळ्यांपुढे धरून विचारलं, हे काय? मी म्हटलं, खळ. तिने बोटं चोळून पाहिली, वास घेतला आणि बाळाला खोलीत नेलं. लाली पुन्हा आली आहे. बाळ मला बघून ओठ काढतं. ओळखायला लागलं आहे.

२५ मार्च, संध्याकाळी

मेडिकलवाला अदबशीर आहे असं मी लिहिलं होतं. ते रद्द.

मुलगा ऑफिसातून येताना त्याच्याकडे डोकेदुखीची गोळी घ्यायला थांबला. त्याने विचारलं, "आईंना साइज बरोबर बसला ना?"

मुलगा माझ्या खोलीत आला. दार लावलं. पलंगाखालून पॅकेट काढलं. मग माझ्याजवळ बसला.

"आई, हे तुझे आहेत?"

दोन उत्तरं होती. हे बाळाचे आहेत, असं म्हटलं तर तक्ता खोटा, हिरव्या खुणा खोट्या, आणि ते सत्तावीस कुठे गेले तेही आलंच. कामाच्या बाई आल्याच. विहीणबाई तिकीट काढून आल्याच.

"माझेच आहेत," मी म्हटलं.

त्याने माझा हात हातात घेतला. हे वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच. कधीपासून, म्हणाला. थोडे दिवस, म्हटलं. सांगायचं ना आई, म्हणाला, आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. लहानपणीही तो असाच आधी घाबरायचा, मग रडायचा.

प्रयोग वाचला. एका वाक्यात वाचवला. यालाच प्रसंगावधान म्हणतात.

२६ मार्च, सकाळी

माझ्या गादीवर प्लास्टिक घातलं आहे. उठले की करकरतं. चहाला खुर्चीवर बसले तर मुलाने आधी टॉवेल पसरला. बाळाला मांडीवर घेतलं तर त्याने हसत हसत काढून घेतलं. आई, सावकाश, म्हणाला. मी मुळात सावकाश नव्हतेच.

न्याहारीनंतर म्हणाला की तुझ्यावर बाळाचा भार टाकणं म्हणजे पाप आहे, तुलाच आता कुणीतरी बघायला हवं. आम्हाला दिसलं नाही, आमची चूक. विहीणबाई परवा येताहेत. तू घरी जा, आराम कर. भाच्याला सांगून तुझ्याजवळ एक बाई ठेवतो.

मी ठणठणीत आहे हे दाखवायला तिथल्या तिथे दहा उठाबशा काढल्या. सातवीला गुडघा वाजला. तो धावत जाऊन दुसरा टॉवेल घेऊन आला.

२६ मार्च, दुपारी

लिहायला नको. पण नोंद ती नोंद.

सूनबाई बादली घेऊन माझ्या खोलीत आली. बादलीत पाणी नव्हतं. कालचे लंगोट होते. तिने एक उचलला आणि माझ्यासमोर उघडला. कडकड वाजला. घडीची रेघ सरळ, पट्टीने मारल्यासारखी.

"खळ मोडलेली नाही, आई."

मी म्हटलं, मी पुन्हा घातली असेल.

तिने दुसरा उघडला. तिसरा उघडला. रागावली नव्हती. मला ते जास्त खटकलं. म्हणाली, आता मीच धुते आहे, आणि तीन दिवस हे कोरडेच येताहेत. पहिल्या दिवशी वाटलं, तुम्ही हुशार आहात. दुसऱ्या दिवशी तुमची त्या आयेची गोष्ट आठवली.

मग सांगून टाकावं असं मला वाटलं. म्हणजे पॅकेट माझं नाही, मी ठणठणीत आहे, माझ्या मुलाला एवढं सांग, बाकीचं मी बघते. तोंड उघडलं होतं.

"ते पॅकेट तुमचं आहे असं तुम्ही त्याला सांगितलंत," ती म्हणाली. "तसंच राहू दे. त्याला आता दोन गोष्टी रडायला नकोत. मी तोंड उघडणार नाही. तुम्हीही उघडू नका."

बादली उचलून गेली. थोड्या वेळाने तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "ताई, माझ्याकडून मोठी चूक झाली. याल का परत?" नंतर बराच वेळ ती नुसतं ऐकत होती.

माणूस खोटं बोलतो, खळ बोलत नाही, हे वाक्य माझं आहे. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात राहिलं.

२८ मार्च

विहीणबाई आल्या. मोठी पिशवी. तिच्यात बटणांचे, आत घडी घालायचे कापडी डायपर, मी रद्द करायला लावलेले तेच. एक लावला. अडीच तास टिकला. बाळाने मूठ तोंडात घालून माझ्याकडे पाहिलं.

मी लक्षात आणून दिलं की हेही कापडच आहे. म्हणजे कापड जमतं, हे माझंच म्हणणं खरं ठरलं. विहीणबाई म्हणाल्या, हो ना, हो ना, तुम्ही बसा हो, दमू नका. आणि टॉवेल सरकवला. म्हणजे त्यांनाही सांगितलं आहे. मेडिकलवाला, भाचा, विहीणबाई. उरलं कोण?

कामाच्या बाई परत आल्या, मुलाला कडेवर घेऊन. सूनबाईने तो बैठकीच्या खोलीतच खेळू दे म्हटलं. गालिच्यावर. बाईंनी मला काही विचारलं नाही, काही सुनावलं नाही. पाण्याचा पेला माझ्या हाताशी ठेवला, अर्धाच भरलेला. जास्त पाणी पिऊ नये म्हणून असेल. त्यांनाही सांगितलं आहे.

माझे लंगोट त्यांनी कढत पाण्यात दोनदा उकळले. आता त्या लंगोटांनीच लादी पुसतात. म्हणाल्या, "कापड झकास आहे, आजी. खळ गेल्यावर काय पाणी पितंय."

३० मार्च, संध्याकाळी, माझ्या घरी

पोहोचले. बस चार तासांची. निघताना मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, मध्ये कुठे थांबत नाही आई, लाजू नकोस, एक घालून बस. मी नको म्हटलं. तो न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा राहिला, पॅकेट हातात घेऊन, मी आत जाईपर्यंत. सूनबाई बाळाला घेऊन मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मी आत गेले.

चार तास. काही त्रास झाला नाही. मुलाचा दोनदा फोन आला.

इथे अंधार लवकर पडतो असं वाटतं. फ्रीजच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन आहे. गादी जमिनीवर घातली. कुंड्या शेजारणीच्या दारात दिसतात, चांगल्या फुलल्या आहेत. ती म्हणाली, बरं झालं आलात, तुमच्या मुलाचा फोन आला होता, रात्री काही लागलं तर हाक मारा, संकोच करू नका.

प्रयोगाचा निष्कर्ष: यशस्वी. अधिक माहिती तक्त्यात.

ताबा दिला-घेतल्याची नोंद.

देणार: मी. घेणार: विहीणबाई.
बाळ, एक. उत्तम स्थितीत. मागे किंचित लाली, उतरते आहे. निळं अक्षर आता दिसत नाही.
घराची किल्ली, एक.
तक्ता, एक. विहीणबाईंनी फ्रिजवरून काढून मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिली.

देणार: मी. घेणार: कामाच्या बाई.
लंगोट, नग चोवीस. शेरा: बाद. बाईंनी माझ्यासमोर एकेक मोजून घेतले.

देणार: मुलगा. घेणार: मी.
पॅकेट एक, मोठ्यांचं, साइज मध्यम. मूळ नग दहा. कापले तीन. प्रवासात वापरला एक. शिल्लक सहा.

मोजले. बरोबर आहेत. सही केली.